भिंत जाड केली तरी आवाज येतोच, कारण बऱ्याचदा तो भिंतीतून येतच नसतो

सोलापुरात कुणाला आवाजाचा त्रास व्हायला लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फोम लावला तर थांबेल का ओ?" मग कुणीतरी अंड्याचे ट्रे सुचवतं, कुणी थर्माकोल सांगतं, कुणी जाड पडदे, आणि अकाउंटंटच्या ऑफिसपासून ट्यूशनच्या वर्गापर्यंत सगळीकडे भिंतीला तो काळा टोकाटोकाचा फोम चिकटवला जातो. पैसे जातात, शेजारच्याचा टीव्ही तसाच ऐकू येतो. फोम खराब नसतो, पण त्याचं काम वेगळं आहे.

आवाजाच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत आणि बाजारात दोन्ही एकाच नावानं विकल्या जातात. एक म्हणजे खोलीतला आवाज खोलीतच शोषून घेणं, घुमू न देणं. दुसरी म्हणजे या खोलीतला आवाज त्या खोलीत जाऊ न देणं. विजापूरचा गोलघुमट आपण सगळ्यांनी शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलाय, आत टाळी वाजवली की परत परत ऐकू येते, कारण आत शोषणारं काहीच नाही, सगळा दगड आणि चुना. पण तीच भिंत एवढी जाड आहे की तिच्यातून बाहेरचं काही आरपार येणं अवघड. आता याच्या बरोब्बर उलट बघायचं तर चादरीच्या एखाद्या भरलेल्या दुकानात जा. चारी बाजूला चादरी आणि टॉवेलचे थप्पे, आत बोललं की आवाज एकदम मऊ, दबलेला, घुमणं नावाला नाही, आणि तरी बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न जसाच्या तसा आत येतो कारण पुढं सगळी काच आणि उघडं दार. फोम म्हणजे ते दुकान. खोलीतलं घुमणं कमी होतं, बोलणं स्वच्छ ऐकू येतं, रेकॉर्डिंगला छान, पण आवाज अडवायला लागतं वजन आणि बंदिस्तपणा, आणि फोमात दोन्ही नाही.

पुढं जायच्या आधी डेसिबल. हा आकडा साध्या बेरजेचा नाही, पटीचा आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा १० पट, २० वाढले म्हणजे १०० पट, ३० म्हणजे १,०००. आपल्या कानाला मात्र १० डेसिबल वाढ साधारण "दुप्पट मोठा" अशी वाटते. म्हणून एखादी भिंत ५० डेसिबल अडवते याचा अर्थ तिच्यावर पडलेल्या ऊर्जेतला लाखातला एक भाग पलीकडं जातो. ऐकायला भारी वाटतं, पण पलीकडं मिक्सर ८५ वर चालू असेल तर अलीकडं अजून ३५ उरतातच, आणि रात्रीच्या शांततेत ३५ ऐकू येतात.

याचा एक विचित्र हिशोब यंत्रमागाच्या शेडमध्ये दिसतो. जुन्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५-१०० डेसिबलच्या घरात असतो. २० माग चालू आहेत, शेजाऱ्यांची तक्रार आली म्हणून मालकानं मोठ्या मनानं १० बंद केले. आवाज किती कमी झाला? फक्त ३ डेसिबल. शेजाऱ्याला फरक कळेल न कळेल एवढाच. मालक म्हणतो निम्मा धंदा बंद केला, शेजारी म्हणतो काही बंद केलंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता भिंत. आवाज भिंतीला हलवतो आणि हललेली भिंत पलीकडची हवा हलवते, एवढंच होतं. मग भिंत जितकी जड तितकी हलवायला अवघड. वजन दुप्पट केलं की थिअरीप्रमाणं ६ डेसिबल जास्त अडतात, प्रत्यक्षात ५ धरा. फ्रिक्वेन्सी, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा कंप पावतो तो हर्ट्झमधला आकडा, दुप्पट झाली तरी तसंच, म्हणजे शिट्टी सहज अडते आणि ढोल अडत नाही. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं आतून इतकी शांत का असायची त्याचं कारण इथं आहे, दीड-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर, खिडक्या बारीक. एक चौरस मीटर भिंतीत टनभर माल. आजची नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूच्या प्लास्टरसकट चौरस मीटरला साधारण ४५० किलो भरते आणि ५० च्या आसपास अडवते. चार इंची विटेची भिंत त्याच्या निम्मी, ४४-४५. चार इंची एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक, अजून हलका, प्लास्टर धरून ३८-४०. बिल्डर लोक एएसी वापरतात कारण स्लॅबवर लोड कमी येतो आणि काम झटपट होतं, उन्हाळ्यात उष्णताही कमी आत येते, ते सगळं बरोबर आहे, पण तो ब्लॉक हलका आहे म्हणूनच स्वस्तात उचलला जातो आणि हलका आहे म्हणूनच शेजारच्याचं भांडण ऐकू येतं. उष्णता अडवणारं ते आवाजही अडवणारच, हा समज सोडा.

नुसतं वजन वाढवत जाणं लवकरच परवडेनासं होतं. चार इंचीची नऊ इंची केली, ५-६ डेसिबल मिळाले. अजून ५-६ पाहिजेत तर अठरा इंची करावी लागेल. फ्लॅटमध्ये कोण देणार एवढी जागा. म्हणून दुसरा मार्ग, एका जड भिंतीऐवजी दोन हलके पडदे आणि मध्ये हवा. जिप्सम बोर्डचे दोन्ही बाजूला दोन-दोन थर, मध्ये रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर) भरलेलं, अशी पार्टिशन चौरस मीटरला ४०-४५ किलोतच ४८-५० ला पोचते, म्हणजे नऊ इंची विटेच्या जवळ, एक दशांश वजनात. अट एकच, दोन्ही बाजू एकमेकांना कडक जोडलेल्या नकोत. सुतारानं मजबुतीसाठी मध्ये आडवे-उभे लाकडी ठोकळे मारले की त्या ठोकळ्यातून आवाज सरळ पलीकडं.

पण या दुहेरी रचनेची एक खोड आहे आणि खिडकी विकणारे ती सांगत नाहीत. दोन काचा म्हणजे दोन वजनं, मधली हवा म्हणजे स्प्रिंग. अशा जोडीची एक स्वतःची फ्रिक्वेन्सी असते आणि तिथं ती अडवायच्या ऐवजी आवाजाला साथ देते. ६ मिलीमीटर काच, १२ मिलीमीटर गॅप, पुन्हा ६ मिलीमीटर काच, ही बाजारातली नेहमीची डबल ग्लास खिडकी. तिची ही फ्रिक्वेन्सी निघते साधारण २०० हर्ट्झ, म्हणजे ट्रकच्या, एसटीच्या इंजिनाच्या घरघरीतच येऊन बसते. तोच गॅप १०० मिलीमीटर केला तर ती ७० हर्ट्झच्या खाली उतरते आणि वरच्या भागात भरपूर फायदा मिळतो. म्हणून जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूनं चार इंच सोडून दुसरी बसवली, तर ती महागड्या सीलबंद डबल ग्लासपेक्षा सरस ठरू शकते. शिवाय दोन्ही काचा एकाच जाडीच्या नकोत. प्रत्येक काच एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला कच्ची असते, ६ मिलीमीटरची २,००० हर्ट्झच्या थोडी वर, १२ ची १,००० च्या आसपास. दोन्ही सारख्या असल्या की दोघी एकाच जागी कच्च्या पडतात. एक ६ ची आणि एक ८ ची घ्या, किंवा मध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड घ्या.

आणि डीजे? मिरवणुकीच्या दिवसात हा प्रश्न हमखास येतो. ६० हर्ट्झच्या बेसला वरची डबल ग्लास खिडकी म्हणजे चौरस मीटरला ३० किलोचा नुसता एक पत्रा, १८-२० डेसिबल अडले तर अडले. बाहेर बेस १०० असेल तर आत ८० उरला. त्याला खिडकी हा उपाय नाही, तिथं डीजेचाच आवाज कमी करावा लागतो. छापील आकड्यातही बेस धरलेला नसतो, त्याचं पुढं सांगतो.

मोजमाप कसं करतात ते बघू, कारण तिथंच सगळी गंमत आहे. दोन खोल्या, मध्ये भिंत. एका खोलीत बारा तोंडांचा गोलसर स्पीकर ठेवतात, म्हणजे आवाज सगळीकडं सारखा पसरावा, आणि त्यातून पाऊस पडल्यासारखा सगळ्या फ्रिक्वेन्सीचा खळखळाट जोरात सोडतात. त्या खोलीत मीटर वेगवेगळ्या जागी धरून सरासरी घ्यायची, मग दार लावून पलीकडच्या खोलीत तसंच. दोन्हीतला फरक काढला की झालं असं वाटतं, पण नाही. पलीकडची खोली रिकामी असेल तर तिथं आलेला आवाज घुमून मोठा दिसतो, गाद्या-सोफे असतील तर दबून लहान दिसतो, भिंत मात्र तीच. म्हणून त्या खोलीत आवाज बंद केल्यावर तो विरायला किती वेळ लागतो तेही मोजतात आणि घरगुती खोलीसाठी अर्धा सेकंद हा आधार धरून आकडा दुरुस्त करतात. नव्या टाइल्स बसवलेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये उभं राहून "भिंती पातळ आहेत" असं ठरवणारे इथंच फसतात. आणि पलीकडं पंखा, कूलर, रस्ता यांचाच आवाज मोठा असेल तर मोजमापाला अर्थ नाही, येणारा आवाज त्यापेक्षा किमान ६, खरं तर १० डेसिबल वर असला पाहिजे. म्हणून ही कामं रात्री उशिरा किंवा पहाटे करतात.

हे सगळं १०० ते ३,१५० हर्ट्झपर्यंतच्या १६ पट्ट्यांत वेगवेगळं मोजलं जातं. मग त्या १६ आकड्यांवर एक ठरलेली वक्ररेषा वर-खाली सरकवतात. भिंत जिथं जिथं रेषेच्या खाली पडते ती सगळी तूट मिळवून ३२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, त्या मर्यादेत रेषा जितकी वर नेता येईल तितकी न्यायची, आणि ५०० हर्ट्झला रेषा जिथं असेल तो आकडा वाचायचा. लॅबमध्ये मोजलेल्या भिंतीला किंवा खिडकीला हीच रेषा लावून येतो तो ब्रोशरवरचा आरडब्ल्यू. अमेरिकन पद्धतीत एसटीसी म्हणतात, तो १२५ पासून ४,००० पर्यंत, तत्त्व तेच. आता बघा, १०० हर्ट्झच्या खालचं यात काहीच नाही. ढोल नाही, डीजेचा बेस नाही. आरडब्ल्यू ५० म्हणजे बोलण्यासाठी चांगली भिंत, बेससाठी कशी ते आकडा सांगतच नाही. म्हणून नीट रिपोर्टमध्ये आरडब्ल्यूच्या पुढं अजून दोन छोटे आकडे असतात, पहिला सी, दुसरा सीटीआर, म्हणजे रस्त्याच्या वाहतुकीच्या आवाजासाठीची दुरुस्ती. खिडकीवर ४० आणि पुढं उणे २, उणे ६ असं असेल तर रस्त्याच्या वाहतुकीसाठी तुमची खिडकी ४० ची नाही, ४० वजा ६ म्हणजे ३४ ची आहे. होटगी रोडला, विजापूर रोडला तोंड असलेल्या घरानं हाच आकडा विचारायचा.

फोनमधलं ॲप चालेल का? खरा आकडा म्हणून नाही. पण एकाच फोननं, एकाच जागी धरून, काम करायच्या आधी आणि नंतर बघितलं तर फरकाचा अंदाज येतो, तेवढं वापरा.

लॅबचा आकडा आणि साइटचा आकडा यात ५ डेसिबलचा फरक अगदी नेहमीचा, गचाळ काम असेल तर १५-२०. का, ते एका दवाखान्यात स्वच्छ दिसलं. डॉक्टरांची तक्रार, आत पेशंटशी काय बोलतो ते बाहेर बाकड्यावर सगळ्यांना ऐकू येतं, आणि काही आजार असे की बाहेर ऐकू जाऊन चालत नाही. पार्टिशन उत्तम, दुहेरी बोर्ड, आत रॉकवूल, बिलावर सगळं व्यवस्थित. "आता अजून एक थर मारू का?" कॉन्ट्रॅक्टर विचारत होता. स्टुलावर चढून फॉल्स सिलिंगची एक टाइल उचलली, आत टॉर्च मारली, तर उजेड थेट बाहेरच्या वेटिंगच्या टाइल्सवर पडला. पार्टिशन फॉल्स सिलिंगपर्यंतच होती, वर स्लॅबपर्यंत अडीच फूट मोकळं. आवाज पातळ टाइलमधून वर जायचा, आडवा चालत पलीकडं जायचा, आणि दुसऱ्या टाइलमधून खाली बाकड्यावर उतरायचा. भिंतीला हातही न लावता. खाली दाराजवळ बसून बघितलं तर फटीतून कंपाउंडरच्या चपला दिसत होत्या.

त्या दाराचाच हिशोब करा. तीन फूट बाय सात फूट दार, खाली अर्धा इंच फट. फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या ०.६ टक्के. एवढ्यानं ते दार, सागवानी असो की लोखंडी, २२-२३ डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही, कारण फटीतून आलेला आवाज पूर्ण येतो. आणि साधं पोकळ फ्लश डोअर २० चं धरलं, भिंत ४५ ची, दारानं भिंतीचा पाचवा हिस्सा व्यापला, तर दोन्ही मिळून किती? ३२-३३ नाही. २७. भिंत ४५ ची ६० केली तरी २७ च. टाकीला खाली भोक असताना वरून कडा वाढवत बसण्यातला प्रकार आहे. जुन्या घरांना उंबरा असायचा, त्यावर दार टेकून बसायचं, फट आपोआप बंद. आता टाइल्स एकसलग दिसाव्यात म्हणून उंबरा काढला आणि खाली अर्धा इंच सोडला.

दवाखान्याचं काम मग असं झालं: पार्टिशन स्लॅबपर्यंत नेली, एसीच्या पाइपाचं भोक आणि पाठीला पाठ लावलेले स्विचबोर्ड बंद केले, जिथं जिथं लांबी (पुट्टी) भरून वरवर झाकलं होतं तिथं लवचिक सीलंट मारलं कारण लांबी वाळली की चिरते, चौकटीला रबर, दाराखाली दार लावल्यावर आपोआप खाली उतरणारी पट्टी, आणि पोकळ दाराच्या जागी भरीव. तिसरा बोर्ड मारला नाही. बाहेर एक पंखाही चालू ठेवायला सांगितला, कारण शेजारी थोडा सपाट आवाज असला की उरलेसुरले शब्द त्यात बुडतात. पूर्ण शांत वेटिंग रूममध्ये कुजबुजही शब्दन् शब्द लागते.

आता दुसरी जात, आदळण्याचा आवाज. वरच्या मजल्यावर उखळात शेंगाचटणी कुटायला सुरुवात झाली की खालच्याला काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको. इथं हवेतून येणारा आवाज कमीच, मुसळाचा दणका सरळ स्लॅबमध्ये उतरतो आणि स्लॅब, भिंती, कॉलम सगळे वाजतात, कधीकधी दोन मजले खालीसुद्धा. हे मोजायला एक ठोकणारं मशीन असतं, ५ हातोडे, प्रत्येकी अर्धा किलो, ४ सेंटीमीटरवरून पडणारे, सेकंदाला १० ठोके. ते वर चालवायचं आणि खाली किती ऐकू येतं ते मोजायचं. इथं आकडा जितका कमी तितकं चांगलं, आधीच्या बरोबर उलट, त्यामुळं ब्रोशर वाचताना घोळ होतो. स्लॅब जाड करून फार फायदा नाही, वरचा थर मऊ पाहिजे. उखळाखाली रबराची जाड मॅट आणि त्यावर दोन-तीन घड्यांची जुनी चादर ठेवली तरी खालच्याची अर्धी तक्रार मिटते. नवीन बांधकामात टाइल्सखालच्या स्क्रीडच्या (सिमेंट-वाळूच्या थराच्या) खाली लवचिक थर टाकून तो भिंतीच्या कडेलाही वर वळवतात, म्हणजे फरशी भिंतीला कुठंच चिकटत नाही. गवंड्यानं सवयीनं कडेला सिमेंट भरलं की गेलं सगळं.

मागाचंही तसंच. शहराच्या पूर्व भागात जिथं कारखाना आणि घर एका भिंतीला आहेत तिथं रात्री जो धडधडाट अंथरुणात जाणवतो तो बऱ्यापैकी जमिनीतून आलेला असतो. मागाच्या पायाखाली लोडप्रमाणं निवडलेले रबर पॅड, आणि मागाचा पाया भिंतीच्या पायापासून सुटा, हे आधी. मग शेडचा पत्रा आणि झरोके.

डिझाइन करायचं म्हणजे तरी काय, तर वजाबाकी. रस्त्यावर ७०, बेडरूममध्ये रात्री ३५ पाहिजे, म्हणजे खोलीच्या पूर्ण बाहेरच्या बाजूनं मिळून ३५ अडायला हवेत. आपली नेहमीची ॲल्युमिनियम स्लायडिंग, दोन पल्ल्यांमध्ये बोट जाईल एवढी फट असलेली, बंद करूनही २० च्या आसपास. भिंतीला काही करायची गरज नाही, सगळा खर्च खिडकीवर, आणि स्लायडिंगऐवजी दाबून बंद होणारी उघडझाप खिडकी घ्यायची. सरकारी नियमात रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ ही मर्यादा आहे, पण ती बाहेरच्या आवाजाची, आणि मोठ्या रस्त्यावर ती पाळली जाईल असं धरून खिडकी निवडू नका.

सोलापुरात खरी अडचण वेगळीच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला गेल्यावर खिडकी बंद कोण ठेवणार? आणि कूलर तर चक्क खिडकीत बसवतात, म्हणजे दोन फूट बाय दोन फूट भोक, वर स्वतःचा घुर्र आवाज. कूलर खिडकी उघडी असल्याशिवाय चालतच नाही, त्याला हवा बाहेर काढायला लागते. ३८ ची खिडकी घेऊन तिच्यात कूलर बसवणारे लोक आहेत, मी नावं घेत नाही. म्हणून नवीन घर बांधत असाल तर प्लॅनमध्येच बघा, रस्त्याच्या बाजूला जिना, बाथरूम, देवघर, कोठीची खोली टाका, झोपायच्या खोल्या मागं, कूलरची खिडकीही मागच्या बोळात. घर स्वतःच आडोसा होतं आणि मागच्या बाजूला उघड्या खिडकीतही आवाज बराच पडतो. हे कागदावर पेन्सिलीनं होतं, बांधून झाल्यावर लाखानं होत नाही. फ्लॅट घेतलेला असेल आणि बेडरूम रस्त्यावरच असेल तर एसी आणि घट्ट खिडकी ही जोडीच घ्यावी लागेल, एकटी खिडकी वर्षातले चार महिने उघडीच राहणार.

खिडकीच्या दुकानात गेलात की काचेचा रिपोर्ट दाखवतील, तो बाजूला ठेवा. फ्रेम, रबर, कडी, सगळं धरून पूर्ण खिडकीचा रिपोर्ट मागा, सीटीआर विचारा, आणि फिटिंगवाला चौकट आणि भिंतीच्या मधली फट कशानं भरणार ते बिलावर लिहून घ्या. फोमच्या डब्यानं फुगवून वरून पट्टी मारणार म्हणाला तर आत-बाहेर दोन्हीकडून सीलंटची अट घाला. हप्ता देण्याआधी रात्री आतला दिवा बंद करून, बाहेरून कुणालातरी चौकटीच्या कडेनं टॉर्च फिरवायला सांगा.